दाराबाहेरचं हसू

पहिला फटका मला बसला. पाण्याची भरलेली स्टीलची बाटली थेट तोंडावर आली. खालचे दोन दात पडले, तिसरा मुळातून हलला, ओठ आतून फाटला आणि मी भिंतीला पाठ घासत खाली बसले. मारणाऱ्याचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. तो डॉक्टरांची कॉलर धरून विचारत होता, "अजून कोणकोण आहे यात?"

डॉक्टर म्हणाले, "मी तुम्हाला सगळं खरं सांगितलंय."

आणि तिथेच सगळी गोची होती.

आधी माझा धंदा सांगते. मी हसते. उभा जन्म नाटकात गेला. नायिकेच्या आईपासून मोलकरणीपर्यंत मिळेल ते केलं आणि गुडघे गेल्यावर या मानसशास्त्राच्या संशोधन केंद्रात कामाला लागले. काम म्हणजे बंद दाराबाहेर उभं राहायचं, दोन वेगवेगळ्या आवाजांत स्वतःशीच कुजबुजायचं आणि मग हसायचं. हसू अगदी कोरं हवं. त्यात कुचेष्टा नको, माया नको. सोपं वाटत असेल तर आरशासमोर करून बघा. डॉक्टरांनी माझ्याकडून त्याची इतकी तालीम करून घेतली की असा छळ कुठल्या दिग्दर्शकानेही केला नसेल.

आत एक माणूस बसलेला असायचा. डॉक्टर त्याला विचारायचे, बाहेर कोणीतरी हसलं, का हसलं असेल? बहुतेक जण म्हणायचे, झाला असेल काहीतरी विनोद. काही जण म्हणायचे, मला हसले. त्या हसण्यापासून 'मला'पर्यंत मन कुठल्या वाटेने जातं, हे डॉक्टरांना शोधायचं होतं. झोप उडालेली असली, डोक्याला सतत घोर असला, कधीकाळी चारचौघांत मानहानी झालेली असली, की ती वाट जवळची होते, असं त्यांचं म्हणणं. शिवाय निष्कर्षाची घाई. ती मोजायला त्यांच्याकडे दोन बरण्या होत्या. एकीत काळे मणी जास्त, दुसरीत पांढरे. बरणी झाकून ते एकेक मणी काढून दाखवायचे आणि समोरच्याने ओळखायचं, बरणी कोणती. हवे तितके मणी मागायची मुभा होती. संशयाने पोखरलेली माणसं फार मणी मागत नसत.

एक सांगून ठेवते. अशी माणसं मी ढिगाने पाहिली आणि त्यांनी कोणाला बोटही लावलं नाही. ती बिचारी स्वतःच्याच घराला चार कड्या घालून आत कुडकुडत बसलेली असतात. हा एकच हात उचलणारा निघाला. तसा तो का निघाला, यात डॉक्टरांच्या नियमाचा मोठा हातभार होता, आणि हे मी त्यांच्या माघारीही ठासून सांगते.

नियम असा, की माणसाला फसवलं तर जाण्याआधी सगळं उलगडून सांगायचं. सगळं म्हणजे सगळं. डॉक्टर याला खुलासा म्हणायचे. अंगावर उधारी ठेवायची नाही, अशी त्यांची वृत्ती. मला आत बोलवायचे, ओळख करून द्यायचे, "या बाई हसल्या, मी सांगितलं म्हणून हसल्या." लोक खजील व्हायचे, कोणी चिडायचं, बहुतेक हसायचे आणि घरी जायचे.

त्या सकाळी आला तो क्रेनवाला. बांधकामांवरची उंच क्रेन चालवणारा, हाडापेराने मजबूत, पण डोळ्यांखाली काळं पडलेलं. गेल्या वर्षी त्याच्या हुकातून साखळी निसटली होती, लोखंडी तुळई खाली आली आणि एका कामगाराचा पाय गेला. चौकशीत याचा दोष निघाला नाही. तरी तेव्हापासून हा वर चढला की खालची माणसं बोलायची थांबतात, असं याला दिसायचं. वरून नुसती डोकी दिसतात, तोंडं दिसत नाहीत. मग झोप गेली. घरी थोरल्या भावाने फोनवर आवाज खाली केला की हा दाराआड उभा राहायचा. भावाने शेवटी आमच्या डॉक्टरांनाच फोन केला. म्हणाला, तो दवाखान्याची पायरी चढणार नाही, तुम्ही अभ्यासासाठी म्हणून बोलवा आणि जरा बघा त्याला. डॉक्टरांनी बोलावलं.

मी हसले. नेहमीसारखंच हसले. आतून त्याचं उत्तर ऐकू आलं, "मला हसली. बाई आहे. एकटीच आहे, दोन आवाज काढतेय." आजवर हे कोणी ओळखलं नव्हतं. धंद्यातली बाई म्हणून मला त्याचं कौतुकच वाटलं. मग बरण्या आल्या. डॉक्टरांनी एक मणी दाखवला, काळा. तो म्हणाला, "काळ्यांची. बाकीचे राहू द्या."

मग खुलासा. मी आत गेले, नमस्कार केला. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"म्हणजे हसायचं ठरलेलं होतं," तो म्हणाला.

"हो," डॉक्टर म्हणाले. "येणाऱ्या प्रत्येकासाठी."

"आज मी येणार, हे माहीत होतं?"

"हो."

"कोणी सांगितलं?"

मी डॉक्टरांकडे बघून डोळे मोठे केले. गप्प बसा, असा त्याचा अर्थ जगात कुठेही होतो. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या दादांनी फोन केला होता. काळजीपोटी."

काळजीपोटी हा शब्द त्याने ऐकला असेल असं मला वाटत नाही. माझ्या तोंडावर बाटली आली ती तेव्हा. मग त्याने डॉक्टरांना टेबलावरून पलीकडे फेकलं, बरण्या फुटल्या, मणी खोलीभर झाले. दारावरचा रखवालदार धावत आला तो मण्यांवरून घसरून डोक्यावर पडला. क्रेनवाला त्याला ओलांडून निघून गेला.

माझ्या ओठाला टाके घालून होतात न होतात तोच दवाखान्यात एक बाई शिरली. मनगटापासून कोपरापर्यंत हात कापलेला, त्याला टॉवेल गुंडाळलेला. ती क्रेनवाल्याच्या भावाची बायको होती. ती आधी माझ्या पाया पडायला लागली, मग टॉवेल सुटला म्हणून थांबली.

"ह्यांना बांधून घातलंय," ती म्हणाली. "दुकानात, मागच्या खोलीत. भाऊजींच्या हातात काच आहे. पोलीस पुढे आले तर गळा चिरीन म्हणतात. म्हणतात, हसणाऱ्या बाईला आणा. दादा यात आहे की नाही, ते तिच्या तोंडून ऐकायचंय."

मला नाही म्हणता आलं असतं. पण बाटली खाल्ली होती मी. ती ज्याच्या पायी खाल्ली तो भाऊ मरू द्यायचा, हे माझ्या स्वभावात बसत नव्हतं.

पोलिसांच्या गाडीत डॉक्टरही होते. कपाळाला पट्टी, चष्म्याची एक काच तडकलेली. ते सारखं एकच सांगत होते, "बाई, फक्त खरं बोला. एक खोटं सापडलं तर तो पुढचं काहीच मानणार नाही."

"खरं बोलूनच तुम्ही त्याच्या भावाच्या गळ्यावर काच आणलीत," मी म्हणाले. ओठ सुजल्यामुळे शब्द फदफद बाहेर पडत होते. "आता माझ्या पद्धतीने बघू."

"तुम्ही खोटं बोललात तर त्याचा आजार पक्का होईल."

"होऊ दे. भाऊ जगू दे."

वहिनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. डॉक्टर खिडकीकडे तोंड करून बसले. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तो अजून उतरलेला नाही.

भावाचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांची तावदानं, आरसे, टेबलावरच्या काचा कापून द्यायचा. पुढे गिऱ्हाइकांसाठी जागा, मागे कामाची खोली, मध्ये लाकडी दार. पोलिसांनी पुढचा भाग रिकामा करून घेतला होता. त्यांच्या साहेबाने डॉक्टरांना गल्ल्यापाशी थांबवलं आणि मला एकटीला आत सोडलं. दार लोटलेलंच राहिलं.

आत उभ्या काचा टेकवून ठेवायची लोखंडी घोडी दाराच्या अगदी लगत होती. बाकी सगळीकडे चुरा. काच कापायच्या मोठ्या टेबलावर भावाला उताणं बांधलं होतं. गालावर कानापासून हनुवटीपर्यंत चीर होती आणि शर्टाची एक बाजू रक्ताने काळी झाली होती. क्रेनवाला त्याच्या उशाशी उभा होता. हातात लांब टोकदार काच, तिला फडकं गुंडाळलेलं, तरी त्याचाच तळवा कापून रक्त भावाच्या केसांत ठिबकत होतं. कमरेला मोठा पाना खोचलेला होता.

"बस," तो म्हणाला.

"कुठे बसू? सगळा चुरा आहे."

त्याने आजूबाजूला पाहिलं. "मग उभी राहा. दात गेले?"

"दोन."

"मी मारलं."

"हो, लक्षात आहे माझ्या."

भावाच्या घशातून काहीतरी आवाज निघाला. काचेचं टोक त्याच्या गळ्याच्या शिरेवर टेकलेलं होतं आणि तो गिळताना ते वर-खाली होत होतं. मला दुसरं काही दिसेना.

"दादाने फोन केला होता का?" क्रेनवाल्याने विचारलं.

"नाही."

"डॉक्टर म्हणाला, केला."

"डॉक्टर खोटं बोलला." मी एक पाऊल पुढे टाकलं. "घरातला एक जरी माणूस तुझ्या बाजूचा राहिला तर तू त्याच्याशी बोलशील आणि बरा होशील. मग डॉक्टरने अभ्यास कोणाचा करायचा? मला त्यानेच ठेवलंय. त्यानेच हसायला लावलं. तुझ्या भावाला मी आज पहिल्यांदा बघतेय."

रंगमंचावर असं भाषण मिळालं असतं तर हमखास टाळी घेतली असती. इथे टाळी म्हणजे ती काच गळ्यावरून हलणं, एवढंच.

"याच्या तोंडाकडे बघ," मी म्हणाले. "माझं आयुष्य नटांमध्ये गेलंय. हा नट नाही. याला धड खोटं बोलताही येणार नाही."

"येतं," तो म्हणाला. "तुला माहीत नाही. शाळेत पोरांनी मला सामानाच्या खोलीत कोंडलं होतं. अंधार, उंदीर. मी दार बडवत होतो आणि बाहेर सगळी हसत होती. त्यात दादाचा आवाज होता. मी आवाज ओळखतो. तुझा ओळखला तसा."

भाऊ प्रथमच बोलला. "घाबरून हसलो रे मी. नसतो हसलो तर मलाही आत टाकलं असतं त्यांनी."

"घाबरलेला माणूस रडतो. हसत नाही."

"मी हसलो. काय करू?"

क्रेनवाला माझ्याकडे वळला. मग मला म्हणाला, "फोन नव्हता केला?"

"नव्हता."

"शपथ?"

"शपथ," मी म्हणाले, आणि मला जराही वाईट वाटलं नाही.

काच गळ्यावरून उठली. त्याने ती टेबलाच्या कडेला ठेवली, रक्ताळलेला हात पँटला पुसला आणि तो दोरीची गाठ शोधू लागला. भावाने डोळे मिटले आणि त्यातून पाणी कानांत ओघळलं. मी मनात म्हणाले, सुटलो.

तेवढ्यात दार उघडलं.

डॉक्टर आत आले. दोन्ही हात मोकळे, तळवे पुढे केलेले. मागून साहेब ओरडत होता, पण हा माणूस कोणाचं ऐकणाऱ्यातला नव्हताच. "थांबा," ते म्हणाले. "या बाई खोटं बोलतायत. तुम्ही एका खोट्याच्या आधारावर शांत व्हावं, हे मला चालणार नाही. फोन झाला होता. पण तो कशासाठी झाला, हे तुम्ही नीट..."

पाना त्यांच्या कानशिलावर बसला. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. ते पडले नाहीत, एक हात हवेत धरून उभे राहिले, वाक्य पुरं करायचं असल्यासारखे. दुसरा घाव चष्म्यावर बसला आणि चष्म्यासकट चेहऱ्याचा तो भाग आत गेला. ते मागे कोसळले, त्यांच्या वजनाने काचांची घोडी कलंडली आणि माणसाच्या उंचीच्या काचा एकामागून एक दारात येऊन फुटल्या. पोलिसांची वाट बंद झाली. तिसरा घाव घालायची काहीच गरज नव्हती. त्याने तो वाकून घातला. डॉक्टरांचे पाय चुऱ्यात थोडा वेळ खरडत राहिले, मग थांबले.

क्रेनवाला सरळ झाला. त्याच्या तोंडावर, मानेवर, दातांवरही डॉक्टरांचं रक्त होतं. तो टेबलापाशी परत आला आणि त्याने पाना भावाच्या कपाळावर टेकवून धरला.

"म्हणजे केला होता फोन," तो म्हणाला.

भावाने नजर चुकवली. मी म्हटलं होतं ते खरंच होतं, याला खोटं बोलता येत नव्हतं.

"सकाळी हसलीस तशी हस," तो मला म्हणाला.

"काय?"

"हस. तेव्हा मध्ये दार होतं. आता तोंड बघून ठरवतो." पाना वर उचलला गेला. "हस म्हणतोय ना."

मी हसले. कोरं हसू काढायचा प्रयत्न केला. तेवढी एकच गोष्ट मला चांगली येते. पण दारात डॉक्टर पडले होते आणि पाना वर होता. हसू निघालं ते पोटातून, चिरकं, मला न विचारता निघालं. ओठाचा एक टाका तुटला. रक्त हनुवटीवर आलं. मला थांबायचं होतं आणि थांबता येईना. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि मी आपली हसतेय. बाहेर पोलीस काचा तुडवत होते, साहेब काहीतरी ओरडत होता, आणि या सगळ्यावर माझं हसणं.

तो मान तिरकी करून माझं तोंड बघत होता. कान नव्हता देत, नुसतं बघत होता.

"आवाज हसण्याचाच आहे," तो म्हणाला. "तोंड हसणाऱ्याचं नाही."

मी हो म्हणून मान हलवली, हसतच.

"घाबरलीस?"

मी परत मान हलवली.

त्याने खाली भावाकडे पाहिलं. "दादा, मला कोंडलं होतं तेव्हा तुझं तोंड असं होतं?"

"असंच होतं," भाऊ म्हणाला. "असंच होतं रे."

पाना हळूहळू खाली आला. त्याने तो टेबलावर, काच कापायच्या हत्यारांच्या ओळीत नीट ठेवला. मग दोन्ही हातांनी गाठ धरली. अवजड माल बांधणाऱ्याची गाठ होती ती, दुसऱ्या कोणाला सुटली नसती. त्याने एका झटक्यात सोडली. भाऊ उठायला गेला आणि त्याच्या छातीवरच कलला. त्याने त्याला धरलं.

पोलीस आले ते त्या क्षणी. त्यांनी पाहिलं ते रक्ताने माखलेला माणूस दुसऱ्याला कवटाळून उभा आहे, एवढंच. पहिला दांडका त्याच्या पाठीत बसला, दुसरा गुडघ्यामागे. तो चुऱ्यात तोंडावर पडला. एकाने त्याचा हात मागे पिरगाळला आणि हाड मोडल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. भाऊ ओरडत होता, "मारू नका, सोडलंय त्याने, मला सोडलंय," पण मारताना ऐकायची सवय कोणाला असते? ते दमेपर्यंत मारत राहिले. मी एकाच्या पाठीवर बुक्क्या घातल्या, त्याने मला कोपराने बाजूला केलं आणि माझा हलणारा दातही पडला.

त्याला बाहेर आणलं तेव्हा रस्त्यावर गर्दी होती. त्याला उभं राहता येत नव्हतं, दोघांनी काखेत धरून चालवलं होतं. मी त्याच्या मागोमाग होते. वहिनी धावत आत गेली, आणि गर्दीत कुठेतरी, बऱ्याच मागे, कोणीतरी हसलं. मोठ्याने नाही. एकदाच.

क्रेनवाला थांबला. पोलिसांनी ओढलं तरी थांबला. सुजून बंद होत आलेल्या डोळ्याने त्याने मला शोधलं.

"तुला नाही हसलं कोणी," मी म्हणाले.

"तोंड बघितलंस?" त्याने विचारलं.

मी बघितलं नव्हतं. मी वळले आणि गर्दीतला एकेक चेहरा बघू लागले, तोवर त्यांनी त्याला गाडीत ढकलून दार लावलं होतं.